ज्युबिलीचे गायक

'ज्युबिली' हा शब्द मराठी माणसाला अपरिचित नाही. संस्थेला पंचवीस वर्षे झाली की रौप्य ज्युबिली, पन्नास झाली की सुवर्ण ज्युबिली. एके काळी तर चित्रपट पंचवीस आठवडे चालला की चित्रपटगृहाच्या दारावरही या शब्दाचे तोरण लागे. परंतु शब्दांनाही कुळे असतात, आणि या शब्दाचे मूळ कूळ उत्सवाचे नसून मुक्तीचे आहे. बायबलच्या जुन्या करारात 'लेवीय' नावाचा ग्रंथ आहे. त्याच्या पंचविसाव्या अध्यायात इस्राएल लोकांना अशी आज्ञा आहे की, सात वेळा सात वर्षे लोटली म्हणजे पन्नासावे वर्ष पवित्र मानावे. त्या वर्षी रणशिंग फुंकावे, दास्यात पडलेल्यांना मोकळे करावे, आणि ज्याची वडिलोपार्जित जमीन हातातून गेली असेल त्याला ती परत मिळावी. मराठी बायबलात या वर्षाला 'योबेल' म्हटले आहे. सर्वस्व गमावलेल्या माणसाला आयुष्याचा डाव पुन्हा मांडू देणारे असे हे वर्ष.

अमेरिकेच्या दक्षिण भागातील गुलामांनी हा शब्द हृदयाशी धरला होता. मुक्तीचा दिवस म्हणजे त्यांच्या लेखी ज्युबिलीचा दिवस. तो दिवस उगवल्यानंतर सहा वर्षांनी, १८७१ साली, नऊ तरुण-तरुणींच्या एका गायकवृंदाने हेच नाव धारण केले. ही मंडळी एका बुडत्या शाळेसाठी पैसा गोळा करायला निघाली होती. त्यासाठी त्यांना जे जगापुढे मांडावे लागले, ते मांडण्याची त्यांची मुळीच इच्छा नव्हती. त्या अनिच्छेची आणि तिच्यावर मिळविलेल्या विजयाची ही हकीकत आहे.

अमेरिकेचे यादवी युद्ध १८६५ साली संपले आणि सुमारे चाळीस लक्ष माणसे कायद्याने मोकळी झाली. मोकळी झाली, परंतु त्यांच्यापाशी जमीन नव्हती, पैसा नव्हता, आणि अक्षरओळखही नव्हती. कारण दक्षिणेतील अनेक राज्यांत गुलामाला लिहायला-वाचायला शिकविणे हाच गुन्हा होता. अशा वेळी, जानेवारी १८६६ मध्ये, टेनेसी राज्यातील नॅशव्हिल या शहरी अमेरिकन मिशनरी असोसिएशन या संस्थेच्या पुढाकाराने एक शाळा उघडण्यात आली. मुक्त झालेल्या दासांच्या व्यवस्थेसाठी सरकारने जे खाते काढले होते, त्याचे त्या भागातील अधिकारी जनरल क्लिंटन फिस्क यांचे नाव तिला देण्यात आले. शाळेला इमारत नव्हती. उत्तरेच्या सैन्याने युद्धकाळात उभारलेल्या इस्पितळाच्या लाकडी बराकी रिकाम्या पडल्या होत्या, त्यांतच वर्ग भरू लागले. जेथे काही महिन्यांपूर्वी जखमी सैनिक कण्हत होते, तेथे आता मुळाक्षरे घोकली जाऊ लागली. सात वर्षांच्या मुलांपासून सत्तर वर्षांच्या वृद्धांपर्यंत सारे एकाच बाकावर बसत. थोड्याच महिन्यांत विद्यार्थ्यांची संख्या नऊशेच्या घरात गेली.

त्या शाळेच्या परंपरेत एक गोष्ट सांगितली जाते. नॅशव्हिलमध्ये गुलामांचा बाजार भरत असे. विकायला आणलेल्या माणसांना ज्या कोठडीत डांबून ठेवीत, तिच्या आवारात गंजलेल्या हातकड्या आणि बेड्यांचा ढीग पडला होता. विद्यार्थ्यांनी ते लोखंड गोळा केले, भंगार म्हणून विकले, आणि आलेल्या पैशांतून बायबलच्या प्रती व शब्दलेखनाची पुस्तके विकत घेतली. बेड्यांच्या मोलाने बाराखडी विकत घेतल्याचे दुसरे उदाहरण शिक्षणाच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

परंतु उत्साहाने बराकी उभ्या राहत नाहीत. चार-पाच वर्षांत फळ्या कुजल्या, छपरे गळू लागली. हिवाळ्यात वारा भिंतींच्या फटींतून थेट अंथरुणापर्यंत पोचे. अन्न निकृष्ट, कपडे अपुरे, आणि देणेकऱ्यांचा तगादा मात्र वाढता. शाळा बंद करावी, असे विचार चालकांच्या मनात येऊ लागले.

या शाळेचे खजिनदार होते जॉर्ज व्हाइट. न्यू यॉर्क राज्यातील एका लोहाराचा हा मुलगा उत्तरेच्या सैन्यातून युद्धात लढला होता. संगीताचे रीतसर शिक्षण त्यांना नव्हते, पण कान विलक्षण तयार होता. हिशेबाच्या वह्या सांभाळून उरलेल्या वेळात ते विद्यार्थ्यांना गायन शिकवीत. त्यांच्या हाताखाली मुलांनी पाश्चात्त्य धर्तीची गीते बसविली. राणी एस्तेरच्या कथेवरील एक संगीतिका शहरात करून दाखविली. गोऱ्या समाजात प्रतिष्ठित मानले जाणारे संगीत आपल्यालाही साधते, याचा त्या मुलांना सार्थ अभिमान वाटे.

याशिवाय त्यांच्यापाशी आणखी एक गाणे होते. ते मात्र ती मुले चारचौघांत गात नसत.

ते गाणे त्यांच्या आईबापांचे होते. कापसाच्या शेतात राबताना आणि रात्री रानात चोरून भरविलेल्या प्रार्थनासभांत ते जन्माला आले होते. त्याचा कर्ता कोण, हे कोणालाच ठाऊक नसे. एकाने चरण म्हणावा, इतरांनी पालुपद उचलावे. पायाचा ठेका आणि टाळी हेच वाद्य. विषय बहुधा बायबलमधले: मिसर देशाच्या दास्यातून आपल्या लोकांना सोडविणारा मोशे, सिंहांच्या गुहेतून वाचलेला दानीएल, यार्देन नदीपलीकडचा देश. मालकाने ऐकले तर त्याला ते निरुपद्रवी भजन वाटे. ऐकणाऱ्या दासाला मात्र कळे की मिसर म्हणजे हाच मळा, आणि यार्देन म्हणजे कदाचित उत्तरेकडची ओहायो नदी, जिच्या पलीकडे गुलामगिरी नाही. श्रद्धा आणि सुटकेची आस एकाच सुरात मिसळून गेल्यामुळे या गीतांत एकाच वेळी विलापही ऐकू येतो आणि विजयघोषही.

फिस्कच्या विद्यार्थ्यांना ही गीते येत होती, पण ती जगापुढे गाण्याची त्यांना लाज वाटे. एला शेपर्ड या त्यांच्यातील प्रमुख गायिकेने पुढे लिहून ठेवले आहे की, ती गीते दास्याशी आणि काळ्याकुट्ट भूतकाळाशी निगडित होती. जे विसरायचे, तेच त्यांत साठलेले होते. शिवाय ती वडीलधाऱ्यांच्या दृष्टीने पवित्र होती. देवघरातली वस्तू बाजारात कशी न्यावी? आणखीही एक भीती होती. त्या काळी गोरे नट तोंडाला काजळी फासून कृष्णवर्णीयांची टवाळी करणारे 'मिन्स्ट्रेल' खेळ करीत, आणि ते अमेरिकेत अतिशय लोकप्रिय होते. आपले दुःखही त्याच हशाचा विषय झाले तर? म्हणून ही मुले व्हाइट यांच्या घरी जमत, दारे-खिडक्या लावून घेत, खुर्च्या पुरेशा नसल्यामुळे जमिनीवर बसत, आणि दबक्या आवाजात ती गीते एकेक आठवून काढीत.

या संकोचामागे किती खोल जखमा होत्या, हे एला शेपर्ड हिच्या चरित्रावरून कळते. ती १८५१ साली नॅशव्हिलमध्ये गुलाम आईच्या पोटी जन्मली. ती तीन वर्षांची असताना मालकिणीने तिला आईवरच पाळत ठेवायला शिकविले. ते कळताच आईचे काळीज फाटले. मुलीला उराशी धरून ती कंबरलँड नदीत जीव द्यायला निघाली. वाटेत एका वृद्ध दासीने तिला अडविले. देवाने या मुलीसाठी काही योजून ठेवले आहे, धीर धर, असे सांगून परत फिरविले. पुढे बापाने स्वतःच्या कमाईतून साडेतीनशे डॉलर देऊन मुलीला विकत घेतले. बापाने पोटच्या मुलीची किंमत मोजून तिला सोडवावे, हाच त्या व्यवस्थेतला मोठा भाग्ययोग! आईला मात्र मिसिसिपी राज्यात नेण्यात आले आणि मायलेकींची ताटातूट झाली. बाप कर्जापायी मुलीला घेऊन सिनसिनाटीला पळाला. तेथे एलाने पियानोचे थोडे धडे घेतले. तेही रात्री, मागच्या दाराने जाऊन आणि कोणाला न कळविण्याच्या अटीवर. १८६६ साली पटकीच्या साथीत बापही गेला. दोन वर्षांनी ती फिस्क शाळेत आली तेव्हा तिच्याजवळ अवघे सहा डॉलर होते. थोड्याच काळात ती तेथे संगीत शिकवू लागली.

इतरांच्याही कहाण्या अशाच होत्या. बेंजामिन होम्स गुलाम असताना चोरून वाचायला शिकला होता. विक्रीसाठी कोठडीत डांबलेला असताना त्याने लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा सोबतच्या बंद्यांना वाचून दाखविला होता. मॅगी पोर्टर हिने युद्धानंतर खेड्यात शाळा सुरू केली, ती गोऱ्या दहशतखोरांनी जाळून टाकली.

अशी ही मंडळी ६ ऑक्टोबर १८७१ रोजी व्हाइट यांच्याबरोबर नॅशव्हिलहून निघाली. चालक संस्थेचा या साहसाला पाठिंबा नव्हता. शाळेच्या तिजोरीतले उरलेसुरले पैसे आणि काही उसनवारी एवढेच भांडवल होते. सुरुवातीच्या कार्यक्रमांतून प्रवासखर्चही निघेना. खाणावळी आणि हॉटेले त्यांना जागा नाकारीत. थंडी वाढत चालली होती आणि अंगावर पुरेसे गरम कपडे नव्हते. याच सुमारास शिकागो शहराला भीषण आग लागली. हाती आलेली पहिली तुटपुंजी मिळकत, पन्नास डॉलरांहूनही कमी, या मुलांनी शिकागोच्या आपद्ग्रस्तांना देऊन टाकली. स्वतःची शाळा बुडत असताना परक्या शहरासाठी झोळी रिकामी करणारी ही माणसे केवळ पैशांसाठी गात नव्हती, हे तेव्हाच दिसून आले.

कोलंबस येथे निराशेने परिसीमा गाठली. परत फिरावे की पुढे जावे? व्हाइट यांनी एक रात्र प्रार्थनेत घालविली, आणि सकाळी मुलांना सांगितले की आजपासून आपले नाव 'ज्युबिली सिंगर्स'. लेवीयातील त्या पन्नासाव्या वर्षाचे नाव! मुलांना ते तत्काळ पटले. ज्या मुक्तीसाठी त्यांच्या आज्यापणज्या गात मेल्या, तिचेच नाव आता त्यांच्या कपाळी होते.

नोव्हेंबर महिन्यात ओहायोतील ओबर्लिन गावी काँग्रिगेशनल पंथाच्या धर्मोपदेशकांची राष्ट्रीय परिषद भरली होती. तेथे या मुलांना थोडा वेळ गाण्याची परवानगी मिळाली. प्रतिनिधी आपापसांत बोलत होते. मुलांनी 'स्टील अवे' हे गीत अगदी हळू, जवळजवळ श्वासाच्या आवाजात सुरू केले. रात्रीच्या चोरट्या प्रार्थनासभांकडे जाण्याची ही खूणच, असे ते गीत. व्हाइट यांनी त्यांना हेच शिकविले होते की, दुःख ओरडून सांगायचे नसते. एकही आवाज दुसऱ्याच्या वर न जाता साऱ्यांचा मिळून एकच श्वास ऐकू आला पाहिजे. हळूहळू सभागृहातली कुजबुज थांबली. गीत संपले तेव्हा अनेकांचे डोळे ओले झाले होते. येथून दैव फिरले.

डिसेंबरमध्ये ब्रुकलिनच्या प्लिमथ चर्चमध्ये हेन्री वॉर्ड बीचर या ख्यातनाम धर्मोपदेशकाने त्यांचे गायन ठेवले. यात एक अर्थपूर्ण योग होता. बीचर यांची बहीण हॅरिएट बीचर स्टो हिने १८५२ साली 'अंकल टॉम्स केबिन' ही कादंबरी लिहून गुलामांचे दुःख घरोघर पोचविले होते. उत्तरेतील वाचकांनी त्या दुःखावर वीस वर्षे अश्रू ढाळले, परंतु ते कादंबरीतल्या पात्रांसाठी. आता त्या दुःखातून आलेली माणसे स्वतः समोर उभी होती आणि स्वतःच्या आवाजात बोलत होती. वृत्तपत्रांनी आधी 'बीचरचे मिन्स्ट्रेल' म्हणून त्यांची चेष्टा केली. पण ज्याने एकदा ऐकले त्याला ती चेष्टा पुन्हा करवेना. मार्च १८७२ मध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्यापुढे व्हाइट हाउसमध्ये गायन केले. त्या पहिल्या दौऱ्यात वीस हजार डॉलर जमले. शाळा वाचली.

पुढच्या वर्षी ज्युबिली सिंगर्स इंग्लंडला गेले. मे १८७३ मध्ये लंडनमध्ये आर्गाइलच्या ड्यूकच्या निवासस्थानी राणी व्हिक्टोरियाने त्यांचे गायन ऐकले. हा ड्यूक त्या वेळी हिंदुस्थानचा कारभार पाहणारा भारतमंत्री होता. कंबरलँड नदीच्या काठावरून परत फिरलेली ती मुलगी आता सम्राज्ञीपुढे उभी होती. आणि याच उन्हाळ्यात, १ जून १८७३ रोजी, त्या भारतमंत्र्याच्या अखत्यारीतील पुणे शहरी जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला; आणि तो अर्पण केला अमेरिकेतील सदाचरणी लोकांना, गुलामांना दास्यातून मुक्त करण्यात त्यांनी दाखविलेल्या औदार्याबद्दल. आपल्या देशबांधवांनी शूद्रांना मोकळे करण्याच्या कामी तो कित्ता गिरवावा, अशी आशाही त्यांनी त्या अर्पणपत्रिकेत व्यक्त केली. नॅशव्हिल आणि पुणे यांची एकमेकांना ओळख नव्हती. परंतु नुसती बेडी तुटून भागत नाही, विद्या हाती आली तरच मुक्ती पुरी होते, हे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी ओळखले गेले होते.

इंग्लंडच्या दौऱ्यातून सुमारे पन्नास हजार डॉलर मिळाले. त्यांतून 'ज्युबिली हॉल' ही भव्य, बहुमजली इमारत उभी राहिली आणि १ जानेवारी १८७६ रोजी तिचे उद्घाटन झाले. दक्षिणेत कृष्णवर्णीयांच्या उच्च शिक्षणासाठी बांधलेल्या पहिल्या पक्क्या इमारतींपैकी ती एक होय. विसाव्या शतकातील थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस हे १८८५ ते १८८८ या काळात फिस्कमध्ये शिकले. आपल्या १९०३ सालच्या विख्यात ग्रंथाच्या अखेरच्या भागात त्यांनी या गीतांवर लिहिले, आणि ती वास्तू आपल्याला प्रत्यक्ष गाण्यांचीच घडलेली वाटे, असे नमूद केले.

मात्र या यशाची किंमत गायकांनी मोजली, आणि इतिहासाने ती झाकू नये. वर्षानुवर्षे अखंड प्रवास, रोजचे कार्यक्रम, विश्रांतीचा अभाव यांनी त्यांच्या प्रकृती ढासळल्या. विश्रांतीवरून आणि वेतनावरून आपसांत कुरबुरी झाल्या. बेंजामिन होम्स क्षयाने अकाली गेला. व्हाइट यांची पत्नी १८७४ साली ग्लासगो येथे मरण पावली, आणि स्वतः व्हाइट यांचेही शरीर खचले. शाळेचा वृंद १८७८ साली जर्मनीत विसर्जित झाला, तेव्हा एकूण मिळकत दीड लाख डॉलरांवर गेली होती. आणि ज्या शाळेसाठी त्यांनी हे सारे केले, तेथील आपले शिक्षण मूळ गायकांपैकी बहुतेकांना कधी पुरे करताच आले नाही. इतरांच्या ज्युबिलीसाठी त्यांनी आपली वर्षे दिली.

तरीही काही जखमा भरून आल्या. एला शेपर्ड हिला युद्धानंतर आईचा शोध लागला होता. पुढे शेपर्डबाईंनी नॅशव्हिलमध्ये घर उभारले आणि आईला आपल्याजवळ आणले. वृंदातील एक गायक फ्रेडरिक लाउडिन यांनी नंतर स्वतंत्र संच काढून १८८४ ते १८९० पर्यंत जगप्रवास केला. त्या प्रवासात ते हिंदुस्थानातही आले आणि आग्र्याला ताजमहालाच्या घुमटाखाली त्यांनी आपली गीते गायिली. अनामिक दासांनी रचलेले सूर एका बादशहाच्या शोकमंदिरात घुमले! एकाच्या दुःखाला संगमरवर मिळाला होता. दुसऱ्यांच्या दुःखापाशी फक्त आवाज होता. घुमटाने मात्र तो आवाज तितक्याच आदराने परत दिला.

दक्षिणेच्या या भूमीतून पुढे अनेक कथा-कादंबऱ्या निघाल्या. वाट चुकलेला माणूस एखाद्या गाण्याच्या हाकेने परत फिरतो, मोडलेले घर प्रार्थनेने सांधले जाते, असे त्यांतील कथानक वाचकाला कधी कधी फार सोपे वाटते. ज्युबिली गायकांचा इतिहास ती सोपी बाजू दाखवीत नाही. गाण्याने त्यांची ताटातूट पुसली नाही, गेलेला बाप परत आणला नाही. त्यांना दुसरी संधी मिळाली ती भूतकाळ विसरून नव्हे. जो भूतकाळ दारे-खिडक्या लावून दबक्या आवाजात गावा लागत होता, तो ताठ मानेने जगापुढे गाण्याचे धैर्य त्यांनी केले, म्हणून मिळाली. ज्याची लाज वाटत होती, तेच त्यांचे धन ठरले.

ज्युबिली सिंगर्स हा वृंद फिस्क विद्यापीठात पुन्हा उभा राहिला आणि आजही गातो आहे. २०२१ साली त्याला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. दर वर्षी ६ ऑक्टोबरला, त्या पहिल्या प्रस्थानाच्या स्मरणार्थ, विद्यापीठात ज्युबिली दिन पाळला जातो. त्या दिवशी नवे गायक जुन्या गायकांच्या थडग्यांपाशी जातात, आणि तेथे उभे राहून, कोणी रचले हे कोणालाच ठाऊक नसलेले ते गाणे पुन्हा एकदा हळू आवाजात सुरू करतात.